ऑफर नाकारणारा इंजिनिअर

समजा, तुमच्या फील्डमधल्या सगळ्यात दादा माणसाने तुम्हाला बोलावलं. पैसा तगडा, टीम तयार. तुमच्याकडे काय, तर कसंबसं चालणारं स्वतःचं दुकान. काय कराल? खरं सांगा हं!

अ‍ॅलन कुल्विकी चक्क 'नको' म्हणाला.

हा अमेरिकेतल्या मिलवॉकीचा मेकॅनिकल इंजिनिअर आणि स्टॉक कार ड्रायव्हर. स्टॉक कार म्हणजे वरून शोरूममधल्या गाडीसारखी दिसणारी, आतून निव्वळ रेससाठी बांधलेली गाडी. आपलं रेसिंगचं ज्ञान फॉर्म्युला वनपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. तिकडे मात्र गावोगावी छोटे ट्रॅक आहेत. विस्कॉन्सिनमधल्या स्लिंगरचा ट्रॅक पाव मैलाचा, म्हणजे शाळेच्या स्पोर्ट्समधल्या चारशे मीटरच्या फेरीएवढा! सरळ रस्ता सुरू होतोय तोवर वळण. इथे नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून भागत नाही. कुठल्या चाकावर किती वजन, कुठली स्प्रिंग किती कडक, हे गणित जमावं लागतं. कुल्विकीला ते जमायचं. १९७७ साली त्याने डिग्री घेतली आणि त्याच वर्षी स्लिंगरची चॅम्पियनशिपही. मग विस्कॉन्सिन इंटरनॅशनल रेसवेवर १९७९ आणि १९८०, सलग दोनदा. पुढे शेजारच्या राज्यांत फिरणारी एएसए मालिका.

१९८५ मध्ये किडुकमिडुक विकून तो नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला निघाला. नॅसकारची पंढरीच ती. निघायच्या दोन दिवस आधी त्याचा ट्रक जळाला. दुसऱ्याचा मागून आणला आणि गेला! १९८६ च्या सीझनला एक गाडी, दोन इंजिनं. तरी 'रूकी ऑफ द इयर' हाच.

मग ती ऑफर आली. देणारा ज्युनिअर जॉन्सन, म्हणजे बड्या टीमचा बडा मालक. पण कुल्विकीला गाडीचा प्रत्येक निर्णय स्वतःच्या हातात हवा होता. (असा बॉस मला झेपला नसता, हे आपलं जाता जाता.)

१५ नोव्हेंबर १९९२, अटलांटा. सीझनची शेवटची रेस. समोर बिल एलियट, तोही जॉन्सनच्याच टीमचा. पहिल्याच पिट स्टॉपला कुल्विकीचा फर्स्ट गिअर गेला. रेस एलियटने जिंकली, हा दुसरा. पण तेव्हा सर्वाधिक लॅप्स आघाडीवर राहणाऱ्याला पाच बोनस पॉइंट्स मिळायचे. कुल्विकी १०३, एलियट १०२. आकडे उलटे असते तर पॉइंट्स समान झाले असते आणि जास्त रेस जिंकलेला एलियट चॅम्पियन ठरला असता. कुल्विकीने दहा पॉइंट्सनी टायटल मारलं. त्याच्या फोर्ड थंडरबर्डच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं काढून त्या दिवशी 'अंडरबर्ड' केलं होतं. कारण टायटलच्या लढतीत आपण अंडरडॉग आहोत, असं त्याला वाटत होतं.

जिंकल्यावर त्याने उलटी फेरी मारली. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे सरळ फेरीत ड्रायव्हर मैदानाच्या आतल्या बाजूला राहतो. उलट्या फेरीत तो प्रेक्षकांना दिसतो. घराणं मूळचं पोलंडचं, म्हणून त्याने नाव ठेवलं 'पोलिश व्हिक्टरी लॅप'.

१ एप्रिल १९९३ रोजी ब्रिस्टलच्या रेसला जाताना त्याचं विमान कोसळलं. वय ३८. ती रेस तीन दिवसांनी रस्टी वॉलेसने जिंकली. मग त्याने गाडी वळवली आणि उलटी फेरी मारली.