कुठेतरी पाणी मुरतंय



चातुर्मास तोंडावर आला की घरोघरी बाथरूमवर ॲसिडचा मारा सुरू होतो. नळामागची काळी बुरशी जाते आणि पंधरा दिवसांत परत येते. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. आता ते पटत नाही.

दशवैकालिक सूत्राच्या आठव्या अध्ययनात आठ सूक्ष्म सांगितले आहेत. त्यांतलं पनक म्हणजे हीच बुरशी, आपली लीलन-फूलन. ती अनंतकाय. मग आधी उगवू द्यायची आणि नंतर मारायची, ही कसली स्वच्छता? जयणा म्हणजे ती उगवूच न देणं.

ओल नसेल तर बुरशी धरत नाही. रात्री नळाचा सांधा कोरडा पुसून त्याला कागद गुंडाळा. सकाळी कागद भिजलेला दिसला तर वॉशर किंवा टेफ्लॉन टेप बदलून घ्या. भिंतीतली फट गळती थांबल्यावरच बुजवा, नाहीतर ओल आत कोंडते. शेवटच्या अंघोळीनंतर वायपर फिरवा, नळामागे कोरडं फडकं फिरवा, खिडकी उघडी ठेवा.

मी कॉमर्सची, तरी हिशेब चुकला. वॉशरचे चार पैसे वाचवले आणि पलीकडच्या खोलीचं प्लास्टर काढावं लागलं. शिवाय आपल्या दुष्काळी नगरमध्ये मुळा धरणाचं पाणी भिंतीत जिरवलं, ते वेगळंच.

सूनबाई विचारते, "आई, रोज कोण पुसणार?" 48 मिनिटांच्या सामायिकाला आपण वेळ काढतोच ना? मग या दोन मिनिटांनाही धर्मच समजूया.