दिवाळी इतक्या लवकर कशी संपते?

वसुबारसेला पहिली पणती लागते आणि पाहता पाहता भाऊबीजेचे ओवाळणेही उरकते. परतीच्या बॅगा भरताना घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘दिवस कसे गेले, कळलेच नाही.’

यामागे मेंदूचा साधा हिशेब आहे. घड्याळाकडे लक्ष असले की वेळ लांबतो; दवाखान्याच्या रांगेत दहा मिनिटेही सरता सरत नाहीत. फराळ, पाहुणे, गप्पा यांत मन गुंतले की दिवस छोटे वाटतात. मागे वळून पाहताना मात्र मेंदू आठवणींवरून काळ मोजतो. नवे प्रसंग जितके जास्त, तितका तो काळ मोठा भासतो. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच हा फरक नोंदवला होता.

म्हणून सुट्टी भुर्रकन गेली याचे वाईट वाटून घेऊ नये. काळजी करावी ती मोबाइलवर बोट फिरवण्यात गेलेल्या तासांची. तेही असेच उडून जातात, पण मागे फारसे काही ठेवत नाहीत. आई-वडील सत्तरीपुढचे असतील आणि आपण वर्षातून एकदाच घरी जात असू, तर सोबतच्या दिवाळ्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरलेल्या असू शकतात.

यंदा फोन बाजूला ठेवून आईकडून चकलीची भाजणी शिकून घ्या. वडिलांसोबत त्यांच्या शाळेपर्यंत चालून या. दिवस तेव्हाही लवकरच संपतील. आठवणीत मात्र ते मोठे होऊन राहतील.