विसार आणि वायदा

ज्याला इंग्रज लोक 'क्यू' म्हणतात, त्या बिलियर्डच्या काठीविषयीं ह्या सदरांत लिहावयाचें म्हणजे कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्हांस ठाऊक आहे. आमच्या लहानपणीं बिलियर्ड हा शब्द क्लब, चिरूट आणि उधळपट्टी ह्यांच्या पंक्तींतच ऐकूं येत असे. परंतु हा ग्रह आतां सोडावयास हरकत नाहीं. ह्या खेळाचा भाऊबंद जो स्नूकर, तो तर आपल्याच देशांत जन्मला. इ. स. १८७५ मध्यें जबलपूर येथील लष्करी भोजनगृहांत नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें तो प्रथम मांडला. (पुढें इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले चेंबरलेन ते निराळे.) पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स ह्यांनीं तर १९५८ सालीं कलकत्त्यास आणि पुनः १९६४ सालीं न्यूझीलंडांत बिलियर्डचें हौशी जागतिक अजिंक्यपद मिळविलें. तथापि आमचा आजचा विषय खेळ नव्हे. खेळाची काठी, आणि ती करवून घेणारें गिऱ्हाईक व करून देणारा कारागीर ह्यांच्यामधील व्यवहार, हा आहे.

'क्यू' हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ पुच्छ. पूर्वीं हा खेळ पुढें चपटें डोकें बसविलेल्या दांड्यानें चेंडू ढकलून खेळत. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला म्हणजे तें डोकें अडचणींत येई. मग खेळाडू दांडा उलटा धरून त्याच्या शेपटाकडील टोंकानेंच चेंडू मारीत. होतां होतां डोकें गेलें आणि शेपूट तेवढें राहिलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मेंगो नांवाच्या फ्रेंच कप्तानानें त्या टोंकास चामड्याची टिकली बसविली, आणि चेंडूस हवी तशी फिरकी देतां येऊं लागली. आगगाडीच्या तिकिटासाठीं आपण ज्या 'क्यू'मध्यें उभे राहतों तोही शब्द हाच, कारण रांग म्हणजे माणसांचें शेपूटच. काठी आणि ती मिळण्यासाठीं लागणारी रांग ह्या दोहोंस एकच नांव असावें, हा योगायोग आमच्या पुतण्यास चांगलाच भोंवला.

आमच्या धाकट्या बंधूंचे हे चिरंजीव गेलीं कांहीं वर्षें अमेरिकेंत ओहायो राज्यांत नोकरीस आहेत. तेथें आठवड्यांतून एक रात्र ते 'पूल' खेळावयास जातात. सहा खिशांचें टेबल, पंधरा रंगीत चेंडू आणि एक पांढरा, असा हा बिलियर्डचा अमेरिकन अवतार. "संध्येची पळी कुठें आहे तें त्याला ठाऊक नाहीं, पण काठी मात्र रोज पुसून ठेवतो," असें वहिनी म्हणतात. ही काठी सुमारें ५८ इंच लांब, वजनानें १८ ते २१ औंस, आणि मध्यें आटे पाडून दोन तुकड्यांत सोडविण्यासारखी असते. कारखान्यांत केलेली काठी शंभर-दोनशें डॉलरांत मिळते व तिनें उत्तम खेळतां येतें. परंतु हात बसत चालला कीं आपल्या हाताच्या मापाची, आपल्या आवडीच्या लाकडाची, एकट्या कारागिरानें घडविलेली काठी असावी असें वाटूं लागतें. असे कारागीर त्या देशांत पुष्कळ आहेत, आणि त्यांतील नांवाजलेल्यांकडे वर्षानुवर्षें थांबावें लागतें.

एवढा वेळ कां लागतो, हें आधीं सांगितलें पाहिजे; कारण तें न समजलेलें गिऱ्हाईक आळशी आणि कसबी ह्या दोघांस एकाच मापानें मोजतें. काठीचा पुढला भाग, ज्यास शाफ्ट म्हणतात, तो कठीण मेपलचा असतो. सरळ आणि दाट रेषांचें लाकूड निवडून त्याचे चौकोनी दांडके करितात. दांडका लेथवर थोडा कातावयाचा आणि टांगून ठेवावयाचा. लाकूड कातलें म्हणजे त्याच्या अंगांतला ताण सुटतो व तें हलतें. हवेंतला ओलावा घेऊन फुगतें, तो सोडून आटतें. कांहीं आठवडे, कधीं कांहीं महिने गेले कीं पुनः एक पातळ थर काढावयाचा, पुनः टांगावयाचें. असें अनेकदां करीत करीत दांडका टोंकाशीं सुमारें १३ मिलिमीटर जाडीवर येतो. मध्यें ज्यानें बाक धरला तो टाकून द्यावयाचा, मग त्यावर किती का मेहनत झालेली असेना. सर्व कातकाम एका दिवशीं उरकतां येत नाहीं असें नाहीं. येतें, आणि काठी त्या दिवशीं सरळही दिसते. ती वाकते पुढल्या पावसाळ्यांत. मिरजेस ज्यांनीं तंबोरा करवून घेतला असेल त्यांस हें नवें नाहीं. भोपळा पुरता वाळल्यावांचून तेथील कसबी कारागीर त्यास हात लावीत नाहीं, आणि गिऱ्हाइकाची घाई भोपळ्यास समजत नाहीं.

मागला भाग, म्हणजे मुठीकडचा, हा शोभेचा. आबनूस, शिसवी, किंवा पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके असलेला मेपल असें लाकूड घेऊन त्यांत भाल्याच्या फाळासारख्या टोंकदार खांचा पाडितात आणि दुसऱ्या रंगाचें लाकूड त्यांत नेमकें बसवितात. हीं टोंकें चारी बाजूंस एका उंचीवर आलीं कीं नाहींत, हें जाणता मनुष्य प्रथम पाहतो. हाताच्या जागीं आयरिश तागाचा दोरा गुंडाळतात. पूर्वीं हस्तिदंतही वापरीत. १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय ठरावानें त्याचा व्यापार बंद पडला आणि २०१६ पासून अमेरिकेनें आपल्या देशांतही तो जवळजवळ सर्वस्वीं बंद केला. आपल्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१७ पासून परवान्याच्या बंधनांत आला आहे. म्हणून काठी परदेशांतून मागवावयाची असेल तर लाकडाचें नांव पावतीवर असावें.

येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. खेळ पुढल्या भागानें होतो आणि पैसे बहुतेक मागल्या भागाचे पडतात. चेंडूच्या मध्यबिंदूपासून बाजूस मारलें असतां चेंडू काठीच्या रोखानें न जातां किंचित् बाजूस सरतो. किती सरावा हें मुख्यतः टोंकाजवळच्या वजनावर अवलंबून असतें, मुठीजवळच्या नक्षीवर नव्हे. अलीकडे कार्बनच्या तंतूंचे शाफ्ट निघाले आहेत. ते हवेनें वाकत नाहींत आणि त्यांस टांगून ठेवण्याचें कारणही नाहीं. तरीही लोक लाकडासाठीं रांगेंत उभे राहतात. आम्हांस त्यांत वावगें वाटत नाहीं. जेवण पत्रावळीवरही होतें. म्हणून चांदीचें ताट कोणी मोडीत काढीत नाहीं.

नांवाचा महिमा मात्र विचित्र आहे. जॉर्ज बालाबुश्का हा रशियांत १९१२ सालीं जन्मलेला सुतार. बारा वर्षांचा असतांना अमेरिकेस आला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत लाकडीं खेळणीं व सामान करी. १९५९ सालीं नाताळच्या भेटी म्हणून त्यानें मित्रांसाठीं कांहीं काठ्या केल्या, आणि १९७५ सालीं मरेपर्यंत तोच त्याचा धंदा झाला. पुढें 'द कलर ऑफ मनी' ह्या १९८६ सालच्या चित्रपटांत त्याच्या काठीला जणूं एका पात्राचाच मान मिळाला. परंतु पडद्यावर दिसते ती काठी त्याची नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी दुसऱ्या कारखान्याची आहे. आमच्या पुतण्यास ही काठीची हौस तो चित्रपट पाहूनच लागली.

२०१७ सालीं त्यानें एका कारागिराकडे काठी सांगितली. (नांव आम्ही लिहीत नाहीं.) किंमत अठराशें डॉलर ठरली, निम्मे विसार म्हणून आगाऊ दिले, वायदा एका वर्षाचा. पहिल्या वर्षीं पत्रांस उत्तरें येत. लाकूड टांगलें आहे, हात दुखावला आहे, पुढल्या महिन्यांत पाहूं. दुसऱ्या वर्षीं उत्तरें आंखूड झालीं. त्यापुढें महामारी आली. त्या काळांत साऱ्या जगाचीं कामें खोळंबलीं, तेव्हां ती सबब आम्ही मान्य करितों. पण महामारी ओसरूं लागली तरी पत्राचें उत्तर येईना. शेवटीं २०२१ च्या वसंतांत पुतण्या सहा तास मोटार हांकून त्याच्या दारीं गेला.

मनुष्य लबाड निघाला असता तर बरें झालें असतें. निदान रागावतां तरी आलें असतें. वृद्ध, सभ्य, चहा पुढें करणारा असा तो गृहस्थ होता. भिंतीस अर्धवट काठ्या ओळीनें टांगलेल्या, प्रत्येकीस गिऱ्हाइकाच्या नांवाची चिठ्ठी. पुतण्याच्या नांवाची चिठ्ठी एकीसही नव्हती. चार वर्षांत त्याच्या लाकडास हात लागलाच नव्हता. मग हळूहळू खरें बाहेर आलें. जुन्या गिऱ्हाइकांस किंमत कमी सांगितली गेली होती. लाकूड, शिंपले, दोरा सर्व महागलें. तेव्हां नव्या विसाराच्या पैशांतून जुन्या काठ्या पुऱ्या होत होत्या, आणि नवीं गिऱ्हाइकें येण्याचीं थांबतांच गाडें अडलें. पुतण्या परत आला. तीन महिन्यांनीं टपालानें अर्धवट झालेला मागला भाग आणि दोन हप्त्यांनीं मिळून चारशें डॉलर आले. पांचशें अद्याप येणें आहेत.

तो तुकडा घेऊन तो दुसऱ्या कारागिराकडे गेला. ह्यानें तो लेथवर चढवून फिरविला, बोटानें दाखविलें कीं टोंक थरथरतें, आणि म्हणाला, "ह्या लाकडाला पुरती विश्रांति मिळालेली नाहीं. दुसऱ्याच्या सांध्याची हमी मी घेणार नाहीं." मग त्यानें पुतण्याची कारखान्यांतली जुनी काठी मागितली, तिचें वजन केलें, ती बोटावर तोलून कोठें समतोल राहते तें मोजलें, त्यास टेबलावर अर्धा तास खेळावयास लावलें आणि सर्व एका वहींत टिपून घेतलें. वजन १९ औंस ठरलें. पुतण्यास २० हवें होतें. विसार काय द्यावा असें विचारतां तो म्हणाला, "काठी तयार झाल्यावर पहा, आवडली तर पैसे द्या. तुम्हीं घेतली नाहीं तर दुसरा घेईल." वायदा अठरा महिन्यांचा. मध्यें पुतण्यानें चांदीचें एक कडें वाढविण्याविषयीं लिहिलें. त्यावर उत्तर आलें कीं सांधा चिकटविल्यावर बेत बदलत नाहीं. हें उत्तर आम्हांस फार आवडलें. दर तीन-चार महिन्यांनीं छायाचित्रासह दोन ओळी येत. सोळाव्या महिन्यांत आलें, "एक शाफ्ट वाकला, टाकून दिला, आणखी आठ महिने लागतील." काठी सव्वीस महिन्यांनीं हातीं आली.

म्हणजे उशीर दोघांनींही केला. एकानें उशिराचें कारण लाकडांत झालें त्या दिवशीं सांगितलें. दुसऱ्याचें कारण लाकडांत नव्हतेंच, तें हिशेबाच्या वहींत होतें आणि गिऱ्हाइकापासून लपविलें गेलें. विसार हें कारागिराचें उत्पन्न नव्हे. वस्तु हातीं पडेपर्यंत तें त्याच्या डोक्यावरचें ऋण आहे. आपल्या गांवचा सोनार दागिन्यासाठीं सोनें घेतो तेव्हां गिऱ्हाइकासमोर तोलतो आणि चिठ्ठी देतो. तें सोनें दुसऱ्याच्या पाटल्यांत घातलें तर त्यास आपण काय म्हणूं? विसार घेऊंच नये असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. गरीब कारागिरास लाकूड आणावयास पैसे लागतात, आणि नक्षी फारच निराळी असेल तर ती काठी दुसरा कोणी घेणारही नाहीं. पण घ्यावयाचा तर लाकडापुरता घ्यावा, आणि तें लाकूड गिऱ्हाइकाच्या नांवाची चिठ्ठी लावून भिंतीस टांगावें.

काठीच काय, तंबोरा, देव्हारा किंवा मुलीच्या लग्नाचा पलंग करवून घेणाऱ्यांनींही कागदावर लिहून घ्यावयाचें तें थोडकेंच आहे. लाकूड कोणतें, वजन आणि माप काय, विसार किती आणि तो कोणत्या तारखेनंतर परत मागतां येईल, वस्तु वर्षाच्या आंत वाकली तर कोणी काय करावयाचें. शेवटच्या कलमाचा उच्चार करण्याची गिऱ्हाइकास भीड वाटते. चांगल्या कारागिरास मात्र तें विचारलेलें आवडतें, असें पुतण्याचा दुसरा कारागीर म्हणाला.

राहिले पांचशें डॉलर. त्या देशांत लहान रकमांच्या दाव्यांसाठीं वकिलावांचून चालणारीं न्यायालयें आहेत. "काका, म्हातारा मनुष्य आहे, जाऊं द्या," असें पुतण्या म्हणतो. आम्हीं त्यास लिहिलें, "अरे, तुझे पांचशें तूं सोड, पण भिंतीवरच्या चिठ्ठ्या तूं स्वतः पाहिल्यास. तो आजही विसार घेत असेल तर त्या माणसांचें काय?" त्याचे वडील त्याच्या बाजूचे आहेत, वहिनी आमच्या. गेल्या महिन्यांत त्यानें त्या कारागिरास एक पत्र पाठविलें: पैसे नकोत, पण नवा विसार घेणें बंद केल्याचें लिहून कळवावें. उत्तराची वाट पाहत आहों.