सकाळचे पाय, संध्याकाळचे पाय

कोडमधल्या एका अक्षराने अख्खी सिस्टीम आडवी होते, हे आम्हा आयटीवाल्यांना नवीन नाही. जीसीएच१ या जीनमध्ये अशीच चूक असली की मेंदूत डोपामिन कमी बनतं. मूल सकाळी बरं चालतं, संध्याकाळी पाय वाकडा पडतो. जपानच्या डॉ. सेगावांनी हा आजार १९७० च्या दशकात मांडला. जीन १९९४ साली सापडला. औषध? पार्किन्सनवालं लेव्होडोपा, तेही थोडंसंच! तरी काही मुलांवर 'सेरेब्रल पाल्सी'चा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं नुसती फिजिओथेरपी चालते. मला हे पटत नाही. जन्माच्या वेळी काही बिघडलं नव्हतं, एमआरआयही नॉर्मल आहे, मग शिक्क्याआधी डॉक्टरांनी लेव्होडोपा देऊन बघायला काय हरकत आहे? आणि मंडळी, ओळखीत असं मूल असेल तर आईबाबांना संध्याकाळचा व्हिडिओ काढायला सांगा. सकाळच्या अपॉइंटमेंटला ते ठणठणीतच दिसणार!