दावा कोठे चालावा?

दिवाणी दाव्यात न्याय कोणाच्या बाजूस आहे हा प्रश्न मागाहूनचा. तो कोणत्या गावच्या कचेरीत मागावयाचा हे आधी ठरते, आणि बेताच्या परिस्थितीतील पक्षकाराचा निकाल पुष्कळदा तेथेच लागून जातो. अमेरिकेच्या संघीय न्यायव्यवस्थेचे ९४ जिल्हे असून, सर्व प्रतिवादी एकाच राज्याचे रहिवासी असल्यास त्यांपैकी कोणाच्याही जिल्ह्यात, अथवा वादास कारण झालेल्या घटनांचा बराचसा भाग जेथे घडला त्या जिल्ह्यात दावा दाखल करावा, असा तेथील सामान्य नियम आहे. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे २० वे कलम ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांस ही व्यवस्था परकी वाटणार नाही. ती रास्तच आहे.

परंतु एवढी विचारपूर्वक केलेली व्यवस्था एका तिकिटाने उलथून पडते. वॉशिंग्टन राज्यातील एका दांपत्याने कार्निव्हल कंपनीच्या जहाजातून सफर करण्यासाठी पैसे भरले, तिकिटे मागाहून हाती आली, आणि मेक्सिकोच्या किनाऱ्याबाहेर भर समुद्रात जहाजाचा मुदपाकखाना पाहताना पत्नी चटईवरून घसरून जखमी झाली. त्यांनी आपल्या राज्यातील संघीय न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कंपनीने तिकिटावरील आठव्या कलमाकडे बोट दाखविले: सर्व तंटे फ्लोरिडातच चालतील. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते कलम ग्राह्य धरले. अशा अटीमुळे कंपनीचा खर्च वाचून प्रवाशांचे भाडे कमी होते, असे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांस वाटले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपल्या भिन्नमतपत्रास तिकिटावरील तो मजकूर, मूळच्याच बारीक टायपात, जोडून दिला. ती चिमुकली अक्षरे ज्याने पाहिली, त्यास प्रवाशाने त्या अटीस समजून-उमजून संमती दिली असे म्हणवणार नाही.

दोन तोलामोलाच्या व्यापाऱ्यांनी घासाघीस करून न्यायालय मुक्रर केले, तर तो करार अवश्य पाळला जावा. पण ज्याला एक शब्दही बदलण्याची मुभा नव्हती, त्या उतारूस हजारो मैलांवर वकील शोधावयास लावणे हा अन्याय आहे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदारास स्वतःच्या राहत्या ठिकाणीच तक्रार गुदरण्याचा हक्क दिला आहे. अमेरिकन काँग्रेसने आपल्या नागरिकांस तोच हक्क कायद्याने द्यावा.