मत विचारलंय, तर नीट देऊया!



पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल या पट्ट्यात संगणकावर पोट भरणारी मराठी घरं कितीतरी आहेत. अशा घरांत गेल्या दोन-तीन वर्षांत एक गोष्ट वारंवार घडते आहे. ऑफिसकडून ईमेल येते, 'तुम्हाला दिलेलं नवं एआय साधन कसं वाटतं? पाच मिनिटं काढून मत नोंदवा.' आपण काय करतो? पाचपैकी चार तारे देतो, टिप्पणीची चौकट रिकामी सोडतो आणि कामाला लागतो. आम्ही काही आयटीवाले मित्रमैत्रिणी या विषयावर बरेच दिवस बोलतो आहोत. ते बोलणं सगळ्यांपुढे मांडावं म्हणून हा लेख. घरातल्या आयटीत नसलेल्या मंडळींनीही वाचावा, कारण शेवटी हा घरच्या पगाराचा प्रश्न आहे.

आधी थोडी माहिती. गवंड्याला जसा ओळंबा आणि थापी, तशी प्रोग्रॅमरला त्याची साधनं: कोड लिहायचा एडिटर, चुका शोधणारा डीबगर आणि आता कोड सुचवणारा एआय मदतनीस. या साधनांबद्दल जगभरच्या प्रोग्रॅमरना विचारणारी एक मोठी पाहणी 'स्टॅक ओव्हरफ्लो' २०११ पासून दरवर्षी घेतं. २०२५ च्या पाहणीत १७७ देशांतून ४९ हजारांवर लोकांनी उत्तरं दिली. त्यात ८४ टक्के लोक म्हणाले की आम्ही एआय साधनं वापरतो किंवा वापरणार आहोत. आदल्या वर्षी हा आकडा ७६ टक्के होता. पण त्याच पाहणीत या साधनांच्या अचूकतेवर विश्वास आहे म्हणणारे ३३ टक्के आणि विश्वास नाही म्हणणारे ४६ टक्के निघाले. सर्वांत मोठी तक्रार होती, 'उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पूर्ण बरोबर नसतं.' ६६ टक्के लोकांनी ती नोंदवली. म्हणजे वापर वाढतोय आणि भरवसा मागे राहतोय. कंपनीच्या अहवालात मात्र बहुधा पहिलाच आकडा जातो.

नुसतं 'छान वाटलं' का पुरत नाही?

२०२५ मध्ये 'मेटर' नावाच्या अमेरिकी संशोधन संस्थेनं एक प्रयोग केला. १६ अनुभवी प्रोग्रॅमर घेतले, त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं घेतली. काही कामं एआय वापरून करायची, काही न वापरता. सुरुवातीला मंडळींचा अंदाज होता की एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वाचला. प्रत्यक्षात घड्याळ लावल्यावर दिसलं की एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता! माणसं थोडी, प्रकल्प जुने आणि मोठे, साधनं तेव्हाची. त्यामुळे हा निकाल सगळीकडे लागू करता येणार नाही. पण एक धडा पक्का आहे. आपल्याला काय वाटलं आणि प्रत्यक्षात काय झालं, यांत मोठी तफावत असू शकते. म्हणून मत देताना वाटण्यापेक्षा मोजलेलं सांगावं.

सांगून उपयोग होतो का?

कधी होतो, कधी नाही. गुगलची 'गो' ही भाषा घ्या. २०१६ पासून तिच्या वापरणाऱ्यांची दरवर्षी पाहणी होते आहे. 'जेनेरिक्स नाहीत' ही तक्रार वर्षानुवर्षं त्यात येत राहिली आणि मार्च २०२२ मध्ये १.१८ या आवृत्तीत जेनेरिक्स आले. २०२३ मध्ये त्याच गटानं सुचवलं की साधनांनी वापराची माहिती आपोआप पाठवावी, नको असेल त्यानं बंद करावी. लोकांनी कडाडून विरोध केला. मग नियम उलटा झाला, ज्याला पाठवायची त्यानंच सुरू करावी.

दुसरी बाजूही आहे. २००५ मध्ये व्हिज्युअल बेसिक ६ चा मुख्य आधार संपला तेव्हा हजारो लोकांनी सह्यांचं निवेदन दिलं. मायक्रोसॉफ्टनं ते मानलं नाही. आपल्यातल्या ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील.

आणि एक उदाहरण खास आपलं. 'ॲप' लिहिताना लागतो तो 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, तोही मराठीसाठी. युनिकोडमध्ये नवं अक्षर हवं असेल तर लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. 'आमचं अक्षर कुठाय?' असं आपापसात कुरकुरून ते आलं नसतं.

मग आपण गप्प का?

आमच्यातल्या एकीच्या ऑफिसात पाहणी 'निनावी' होती, पण उघडायला कंपनीचंच लॉगिन लागत होतं. तिनं सगळीकडे 'उत्तम' लिहिलं. तिला दोष कसा द्यावा? ती ४८२ व्हिसावर आहे. नोकरी सुटली तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. जुलै २०२४ पूर्वी तर ६० च मिळायचे. घराचं भाडं, मुलांच्या शाळा आणि वर पाण्यात राहून माशाशी वैर! त्यातच जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं जगभरातले सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यातल्या घरांतून इथे फोन खणखणले होते.

पण गप्प बसण्याचाही खर्च आहे. साधन उत्तम चालतं असं सगळ्यांनीच लिहिलं, तर 'मग एवढी माणसं कशाला?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. इथलंच बघा. जुलै २०२५ मध्ये कॉमनवेल्थ बँकेनं फोनवर बोलणारा एआय आणून ४५ जणांच्या जागा कमी करायचं ठरवलं. फोन कमी झाले असं बँकेचं म्हणणं होतं, तर युनियन म्हणाली फोन उलट वाढताहेत. प्रकरण फेअर वर्क कमिशनकडे गेलं आणि ऑगस्टमध्ये बँकेनं निर्णय मागे घेतला. रोज फोन घेणाऱ्यांना जे ठाऊक होतं, ते कुणीतरी ठामपणे मांडलं म्हणून हे झालं.

आमच्या काही सूचना

१. दोन आठवडे साधी वही ठेवा. काम कोणतं, एआयनं काय दिलं, दुरुस्तीला किती मिनिटं गेली.

२. 'बेकार आहे' लिहू नका. 'टेस्ट लिहायला उपयोग झाला, जुन्या पेमेंटच्या कोडमध्ये मात्र तीनदा चुकीचं फंक्शन सुचवलं' असं लिहा.

३. नाव कळण्याची भीती असेल तर टीमनं मिळून एकच मत द्यावं. कायमचा रहिवास किंवा नागरिकत्व मिळालेल्यांनी अशा वेळी पुढे व्हावं. व्हिसावरच्या नवख्याला पुढे करू नये.

४. बाहेरच्या पाहणीत कंपनीचा कोड किंवा ग्राहकाची माहिती लिहू नका.

५. नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलामुलींना विचारा, 'तुम्ही यातून शिकताय का, की नुसतं चिकटवताय?' त्यांचं उत्तर साहेबापर्यंत जायला हवं. आपली मुलं उद्या त्याच खुर्चीत बसायची आहेत.

६. महिन्याभरानं विचारा, 'आमच्या मताचं काय झालं?' उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तर समोर कंपनी आहे. पुढची प्रश्नावली आली की पाच मिनिटांऐवजी पंधरा द्या. वही भरायला घेतलीत तर मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत आम्हाला जरूर गाठा. चार ऑफिसांतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकट्याच्या वहीत न दिसणारं बरंच काही दिसेल.