नाशिकचे स्थानक गावाबाहेर का? दंतकथा आणि जबाबदारी

१/ नाशिकरोड स्थानकाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की एक कथा हमखास सांगितली जाते. क्षेत्रस्थ ब्रह्मवृंदाने विटाळाच्या भयाने रेल्वेस विरोध केला, म्हणून स्थानक जुन्या नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटरवर गेले. कथा चटकदार आहे. इतिहास म्हणून मात्र ती टिकत नाही.

२/ आधी कंपनीचा हेतू पाहावा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, तरी जी. आय. पी. कंपनीची नजर घाटापलीकडे, खानदेश-वऱ्हाडातील कापसावर होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरचा कापूस आटला आणि या मार्गाची निकड दुणावली.

३/ १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटाचा मार्ग खुला झाला. ३७ फुटांस १ फूट असा हा चढ. आजही कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. इगतपुरी गाठल्यावर पुढचे उद्दिष्ट होते मनमाड, चाळीसगाव, भुसावळ. नाशिक हे वाटेवरचे गाव होते, मुक्कामाचे नव्हे.

४/ आता नकाशावर इगतपुरी ते मनमाड पट्टी ठेवावी. ती सरळ रेषा जुन्या नाशिकच्या आग्नेयेस सुमारे १५ किलोमीटरवरून जाते. प्रत्यक्षातील नाशिकरोड स्थानक त्या रेषेच्या अलीकडे, म्हणजे नाशिकच्याच बाजूला, सुमारे ७ किलोमीटर सरकलेले आहे. या वळणात भूरचनेचाही वाटा असेल. परंतु लोहमार्ग नाशिकला टाळून दूर गेला, असे हा नकाशा म्हणत नाही.

५/ रूळ थेट गावात नेण्यासाठी वायव्येकडे आणखी वळून पुन्हा पूर्वेस परतावे लागले असते. कापसाच्या गाठी बंदरावर पोहोचवणाऱ्या कंपनीला त्यात लाभ कोणता? हा प्रश्न न विचारताच कथा सांगितली जाते.

६/ आणि सनातन्यांच्या विरोधाने रूळ हलत असते, तर १८५८ मध्ये पेशव्यांच्या पुण्यात गाडी आली नसती. १८५९ मध्ये प्रयागासही आली नसती. अशा कथा इंग्लंडातील आणि जपानमधील गावांविषयीही रूढ होत्या. तेथील अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे तपासून त्यांतील अनेक खोट्या ठरवल्या.

७/ याचा अर्थ नाशिकचे सनातनी निर्दोष होते असा नव्हे. त्यांच्यावरचा खरा आरोप कागदोपत्री नोंदलेला आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्या मंदिराची दारे वर्षानुवर्षे अस्पृश्यांना बंदच राहिली. ज्यांना सनातन्यांवर टीका करायची आहे त्यांनी ती या पुराव्यावर करावी. दंतकथेवर उभी केलेली टीका खऱ्या अन्यायाचेही वजन घटवते.

८/ हे अंतर कंपनीनेही लपवले नाही. वसई रोड, आबू रोड यांप्रमाणे ‘नाशिक रोड’ या नावाचा अर्थ सरळ आहे : हे नाशिक नव्हे, येथून नाशिकला जाणारा रस्ता निघतो.

९/ त्या अंतरावर उपाय शोधला तो त्याच काळातील लोकांनी. १८८९ मध्ये मेनरोडवरील जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. दुष्काळ, प्लेग आणि तोटा सोसत तिने सुमारे चार दशके तग धरला; १९३० नंतरच्या काही वर्षांत ती बंद पडली. रुळांवरचा तो दुवा पुन्हा कधी जोडला गेला नाही.

१०/ यानंतर सबबी उरत नाहीत. १९२५ मध्ये नाशिकरोडला प्रतिभूती मुद्रणालय आले, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि नाशिकरोड-देवळाली तिच्यात विलीन झाले. म्हणजे चार दशकांहून अधिक काळ स्थानक शहरातच आहे.

११/ २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. आराखड्यात गंगापूर ते नाशिकरोड ही मार्गिका होती. ती आजवर धावलेली नाही. सिटीलिंकच्या बसगाड्या आहेत. पण द्वारका चौकाच्या कोंडीत त्याही रिक्षांमागे उभ्या राहतात. पहाटेच्या गाडीने उतरलेल्या वृद्ध यात्रेकरूला रामकुंडापर्यंतचा प्रवास कसा घडतो, हे त्याच्या खिशालाच ठाऊक.

१२/ अमृत भारत योजनेतील देवळाली आणि लासलगाव स्थानकांचे लोकार्पण २२ मे २०२५ रोजी झाले. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकरोडचेही रूप पालटते आहे. स्वच्छ प्रतीक्षालये, उद्वाहने, रुंद पादचारी पूल हवेतच. परंतु त्याच योजनेच्या उद्दिष्टांत शहराच्या दोन्ही बाजू स्थानकाशी जोडणे आणि अन्य वाहतुकीशी सांधा साधणे हीही कलमे आहेत. नूतनीकरणाचे मोजमाप दर्शनी कमानीवरून नव्हे, या कलमांवरून व्हावे.

१३/ दीडशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांवर खापर फोडणे सोयीचे असते. ते उत्तर द्यायला येत नाहीत. स्थानक कोठे असावे हे कापसाने आणि डोंगरांनी ठरवले. स्थानकावरून गावात कसे यावे, हे ठरवणे मात्र केव्हापासूनच नाशिककरांच्या आणि त्यांच्या कारभाऱ्यांच्या हाती आहे. १८८९ च्या नाशिकने त्याचे उत्तर दिले होते. आजच्या नाशिकने अजून दिलेले नाही.